डोकं कमी नाही, दौर कमी आहे

शाळेत चाचणीचे पेपर वाटले की पुढच्या चार-आठ दिवसांत पालकांची ये-जा सुरू होते. कुणी शेतातून परस्पर येतो, कुणी दुकान भावाच्या हवाली करून येतो, कुणाची अम्मी धाकट्याला कडेवर घेऊन येते. बोलणे मात्र बहुधा सारखेच असते. "सर, रात्री अकरापर्यंत किताब घेऊन बसतो. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहतो. पण पेपरात काही आठवत नाही. याचं दिमागच कमजोर आहे." हे मुलासमोरच बोलले जाते. ज्या मुलाला धडा आठवत नाही, त्याला हे एक वाक्य मात्र जन्मभर आठवते.

सोनाळ्यासारख्या गावात या वाक्याची किंमत मोठी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे, संग्रामपूर तालुक्यातले आमचे गाव. कापूस वेचणीला आला की घराघरांत हात कमी पडतात. गॅरेजवाल्याला पोऱ्या हवाच असतो, किराणा दुकानावरही कुणीतरी बसायला लागते. "दिमाग नाही" असे एकदा घरात ठरले की मुलाला कामाला लावायला कारण मिळते आणि मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. म्हणून हे वाक्य खरे आहे का, हे नीट तपासायला हवे. आम्ही या महिन्याचे सदर त्यासाठीच देत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांची स्मरणशक्ती पुरेशी असते. कमी पडते ती पाठ केलेले राखण्याची रीत. आणि ही रीत शिकायला दूर शहरात क्लास लावायची गरज नाही. ती आपल्या मोहल्ल्यातच आहे.

मकतबमधला मुलगा आणि शाळेतला मुलगा

एक गोष्ट आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. जो मुलगा साडेदहा वाजता वर्गात "सर, लक्षात राहत नाही" म्हणतो, तोच सकाळी सात वाजता मकतबमध्ये छोट्या सुरा एकामागून एक न अडखळता म्हणतो. तीन-साडेतीन तासांत त्याचे डोके बदलत नाही. मग बदलते काय?

बदलते ती पद्धत. उर्दूत स्मरणशक्तीला 'हाफिजा' म्हणतात. 'हाफिज' हा शब्दही त्याच धातूचा. अर्थ आहे राखणारा, जपणारा. शब्दातच इशारा आहे. एकदा मिळवले म्हणजे संपले असे नाही, मिळवलेले राखावे लागते. कुरआनचे ३० पारे, ११४ सुरा, सहा हजारांहून अधिक आयती. बारा-तेरा वर्षांची मुले हे सगळे पाठ करतात. ती सगळीच मुले काही अचाट बुद्धीची नसतात. शेतमजुराची असतात, पंक्चर काढणाऱ्याची असतात. त्यांच्यामागे शतकानुशतके पारखून घेतलेली एक व्यवस्था उभी असते.

हिफ्जच्या जमातीत रोजचे काम तीन भागांत चालते. मदरशागणिक शब्द थोडे बदलतात, रीत तीच. पहिला भाग 'सबक', म्हणजे आजच्या नव्या ओळी. दुसरा 'सबक पारा', म्हणजे गेल्या काही दिवसांत पाठ केलेले. तिसरा 'आमोख्ता', म्हणजे फार आधी पाठ झालेले जुने पारे, जे पाळीपाळीने पुन्हा ऐकवायचे असतात. सबक रोज थोडासाच असतो, वेळ जास्त जातो तो मागचे राखण्यात. आणि हे सारे ऐकवताना कुरआन उस्तादांच्या हातात असते, विद्यार्थ्याच्या हातात काही नसते. चूक झाली की उस्ताद तिथेच थांबवतात, दुरुस्त करून पुढे सोडतात.

हाफिज झाल्यावरही काम संपत नाही. दोघे दोघे बसून एकमेकांना ऐकवतात, त्याला 'दौर' म्हणतात. रमजानमध्ये तरावीहला हाफिजसाहेब पुढे उभे राहतात, तेव्हा मागे 'सामे' असतो. तोही हाफिज असतो आणि त्याचे काम फक्त ऐकण्याचे. कुठे अडखळले की तो 'लुकमा' देतो, म्हणजे पुढचा शब्द सुचवतो. हजार लोकांसमोर लुकमा घेण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. हदीसमध्ये पाठ केलेल्या कुरआनला दाव्याने बांधलेल्या उंटाची उपमा दिली आहे. लक्ष ठेवाल तर राहील, मोकळा सोडाल तर निघून जाईल. आमच्या भागात उंट नाहीत, पण दावणीतून सुटलेला बैल कुठवर जातो हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आपल्या शेजारच्या मराठी घरांतही हीच रीत वेगळ्या नावाने होती. दिवेलागणीला मुले ओळीने बसून 'परवचा' म्हणत. त्यात बे एके बेपासूनचे पाढे असत आणि पावकी, निमकी, दिडकी, औटकीही असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रोज संध्याकाळी पुस्तकाशिवाय म्हटलेले हे पाढे म्हातारपणापर्यंत टिकत. बाजारात एखादे ऐंशीचे आजोबा साडेतीन मणाचा हिशेब तोंडी करताना दिसतात, ती या परवच्याची कमाई आहे.

विसरण्याचे गणित

या जुन्या रीतीत इतके बळ का आहे, याचा शोध गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनीही घेतला आहे.

जर्मनीत हर्मान एबिंगहाउस नावाचे अभ्यासक होते. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली सुमारे २,३०० अक्षरे तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजले. १८८५ साली त्यांनी हे निष्कर्ष छापले. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत उरली होती, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याभराने २१. अर्थ असलेला धडा इतक्या झपाट्याने जात नाही, पण उताराची तऱ्हा तीच असते. सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसात होते, पुढे ती मंदावते.

यावरून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, विसरणे हा आजार नाही. जर्मनीच्या प्राध्यापकालाही तासाभरात निम्म्याहून अधिक विसरायला होत होते, तर आपल्या सलीमचे काय घेऊन बसलात! दुसरी, उजळणी गळती सुरू असतानाच व्हायला हवी. जूनमध्ये शिकलेला धडा फेब्रुवारीत उघडणे म्हणजे पिंप पूर्ण रिकामे झाल्यावर छिद्र शोधायला बसणे.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. सर्वांना तोच उतारा दिला. पहिल्या गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने तीन वेळा वाचला आणि एकदा न बघता आठवून लिहिला. तिसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवत होते, तिसऱ्या गटाला ७१. ज्यांची चाचणी आठवड्याने झाली, त्यांच्यात पारडे फिरले. चार वेळा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते, एकदा वाचून तीनदा लिहिणाऱ्यांकडे ६१.

आता रात्री अकरापर्यंत किताब घेऊन बसणारा मुलगा डोळ्यांसमोर आणा. तो खरेच मेहनत करतो, पण ती मेहनत पहिल्या गटाची आहे. वाचता वाचता धडा ओळखीचा वाटू लागतो आणि 'झालं पाठ' असा भास होतो. ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसेच हे. त्या प्रयोगातही आठवड्यानंतर आपल्याला खूप आठवेल असा भरवसा सर्वांत जास्त नुसते वाचणाऱ्यांनाच होता.

हिफ्जच्या जमातीत असा भास होऊच शकत नाही. किताब बंद असते आणि समोर उस्ताद बसलेले असतात.

मग हाफिज मुलगा विज्ञानात का अडतो?

इथे वाचक एक रास्त शंका काढतील. हिफ्ज पूर्ण करून शाळेत आलेले किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारे काही मुलगे भूमिती-विज्ञानात चांगलेच अडतात. सगळा कुरआन ज्याच्या छातीत आहे, त्याला दहा सूत्रे का राहू नयेत?

याचे उत्तर एका प्रयोगात आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अँडर्स एरिकसन आणि विल्यम चेस यांनी साधारण स्मरणशक्तीच्या एका विद्यार्थ्याला आकडे लक्षात ठेवण्याचा सराव दिला. सुरुवातीला तो तुमच्या-आमच्यासारखा सातेक आकडे सांगू शके. सुमारे वीस महिने, २३० तासांहून अधिक सराव झाल्यावर तो ७९ आकडे ओळीने सांगू लागला. १९८० साली हे प्रसिद्ध झाले. त्याची युक्ती साधी होती. तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, म्हणून तीन-चार आकड्यांचा एकेक गट करून तो त्याला शर्यतीतली वेळ समजायचा. गंमत पुढे आहे. आकड्यांच्या जागी अक्षरे दिली, तेव्हा तो पुन्हा सहा अक्षरांवर आला.

म्हणजे स्मरणशक्ती दंडाच्या स्नायूसारखी नाही, की एकदा कमावली आणि कोणतेही ओझे उचलले. कमावली जाते ती रीत, आणि ती प्रत्येक विषयात नव्याने लावावी लागते. आमचा हाफिज मुलगा शाळेत येतो तेव्हा सबक, आमोख्ता आणि दौर हे सगळे मदरशाच्या दारात ठेवून येतो. विज्ञानाचे पुस्तक तो इतरांसारखाच नुसता वाचत बसतो. त्याला एवढेच सांगावे लागते, "बेटा, तुला ही विद्या येते. इथेही तीच लाव." नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा इथे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली सुरू केलेल्या जामियात हिफ्ज आणि आधुनिक शिक्षण एकाच छताखाली आले. घरातल्या एका सतरंजीवरही ते एकत्र बसू शकते.

मात्र एक फरक लक्षात ठेवावा लागेल. हिफ्जमध्ये शब्द न शब्द, जेर-जबर जसाच्या तसा जपायचा असतो. बोर्डाच्या पेपरात प्रश्न फिरवून येतो. तिथे आधी समजून घ्यावे लागते, मग पाठ करावे लागते.

आधी समजा, मग पाठ करा

उर्दू माध्यमाच्या मुलांवर भाषांचे ओझे जास्त आहे हे खरे. उर्दू आणि अरबी उजवीकडून, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. पण हेच ओझे कामालाही येते. 'जियाई तालीफ' हा शब्द मुले तोंड वाकडे करून घोकतात. जिया म्हणजे प्रकाश आणि तालीफ म्हणजे जोडून तयार करणे. मराठीत तोच शब्द 'प्रकाशसंश्लेषण', अर्थ तोच. पान उजेडाच्या मदतीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड जोडून अन्न तयार करते. शब्द फोडला की निम्मे उत्तर शब्दातच सापडते. 'दौरान-ए-खून' आणि 'रक्ताभिसरण' ही जोडीही अशीच. वहीच्या मागच्या पानांवर अशा जोड्यांची यादी करा. दोन भाषांच्या दोन खुंट्या मिळाल्या की शब्द सहसा खाली पडत नाही.

भूगोल गावाच्या मातीतून पाठ करावा. पूर्ववाहिनी नद्या कोणत्या आणि पश्चिमवाहिनी कोणत्या, यात मुले हमखास गोंधळतात. त्यांना आपला जिल्हा दाखवा. आपल्या घाटाखालच्या भागाचे पाणी पूर्णेत जाते, पूर्णा तापीला मिळते, तापी अरबी समुद्राला. याच बुलढाणा जिल्ह्यात घाटावर उगम पावणारी पैनगंगा मात्र पूर्वेला जाते, वर्धेला मिळते आणि तिचे पाणी पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना! हे एकदा नकाशावर बोट फिरवून पाहिलेला मुलगा सहज विसरत नाही. बेसॉल्ट खडक आठवायचा असेल तर लोणारचे सरोवर आठवावे. उल्कापाताने ते याच खडकात घडले आहे.

मोठी यादी असेल तर तिचे तुकडे करावेत. दहा आकडी मोबाइल नंबर आपण तुकडे पाडूनच लक्षात ठेवतो. इंद्रधनुष्याच्या रंगांसाठी 'तानापिहिनिपाजा' ही क्लृप्ती आमच्या पिढीनेही वापरली. तशा नव्या मुलांनी स्वतः बनवाव्यात. स्वतः बनवलेली क्लृप्ती वेडीवाकडी असली तरी जास्त टिकते. पायऱ्यांचे उत्तर असेल, उदाहरणार्थ पचनसंस्था, तर घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मनात आणून एकेक पायरी एकेका ठिकाणी ठेवावी. पिठाच्या गिरणीजवळ तोंड, नळाजवळ अन्ननलिका, चावडीजवळ जठर. मुले हसतात, पण पेपरात त्या रस्त्याने चालत जातात.

घरातला दौर

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. नमाजच्या वेळा घरात ठरलेल्या असतातच, त्यांना अभ्यास बांधला की वेगळे वेळापत्रक भिंतीवर लावावे लागत नाही.

फजरनंतर नवा सबक घ्यावा. वीस-पंचवीस मिनिटे, एकाच विषयाचा छोटा तुकडा. शाळेतून आल्यावर खाणे आणि खेळ. असर ते मगरिब मुलाला मैदानातच राहू द्या. मगरिबनंतर पुस्तक बंद करून कोरा कागद घ्यावा आणि सकाळचे जे आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून सुटलेले लाल पेनाने भरावे. तो लाल भाग हाच खरा अभ्यास. उद्या सुरुवात तिथूनच. त्यानंतर जुन्यातला एक धडा, हा झाला आमोख्ता. इशानंतर झोप.

एक पातळ वही करावी. प्रत्येक धड्याच्या नावापुढे चार चौकोन काढावेत. दुसरा दिवस, चौथा दिवस, आठवडा, महिना. त्या त्या दिवशी न बघता धडा सांगितला की चौकोनात खूण. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, निरनिराळ्या धड्यांची गणिते मिसळून सोडवावीत. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवणाऱ्याला रीत येते, पण पेपरात कोणती रीत कुठे लावायची ते सुचत नाही.

आणि घरात एक सामे हवा. इथे आमच्या भगिनी म्हणतील, "आम्ही तर शिकलेल्या नाही, आम्ही काय ऐकणार?" त्यांच्यासाठी आमच्या वर्गातल्या नववीतल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. तिची अम्मी शाळेत कधी गेलेली नाही. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की मुलगी समोर बसून इतिहासाचा धडा सांगायची. अम्मी फक्त ऐकायची, आणि मध्येच विचारायची, "मग पुढे काय झालं? का झालं?" एके दिवशी तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "परवा तर तू उलटं सांगितलं होतंस." मुलीने पुस्तक काढून पाहिले. अम्मीचे बरोबर होते. ती मुलगी नववी पास झाली आणि आता दहावीत आहे. तिला क्लास नव्हता. तिच्याकडे चुलीपुढचा एक सामे होता.

ज्याला सांगून समजले नाही, त्याला पुन्हा सोपे करून सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याचाच धडा त्यातून पक्का होतो. म्हणून न शिकलेली आई हा या कामी उणेपणा नाही. एकच अट आहे. अडखळल्यावर टोमणा मारायचा नाही. तरावीहमध्ये लुकमा देणारा इमामाला हसत नाही.

बाटलीतली स्मरणशक्ती

परीक्षा जवळ आली की दुकानांत बुद्धिवर्धक बाटल्या मांडल्या जातात. कर्ज काढून त्या घेणारे पालकही आम्ही पाहिले आहेत. बदाम हे चांगले अन्न आहे, खावेत. पण धडा न वाचता तो आठवून देणारे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शरीराकडे लक्ष द्यायचे तर रक्ताकडे द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त कमी असले की थकवा येतो, लक्ष उडते, आणि आपण म्हणतो डोके चालत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात टाकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. हिरव्या भाज्या, हरभरा, शेंगदाणे-गूळ, जमेल तेव्हा कलेजी, आणि सोबत लिंबू किंवा आपल्या भागातले संत्रे, म्हणजे लोह अंगी लागते. जंताची गोळीही चुकवू नये. मूल फळ्याकडे डोळे बारीक करून पाहत असेल तर आधी डोळे तपासा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. काही थोड्या मुलांना वाचण्या-लिहिण्याची खरी अडचण असते. त्यांची तपासणी करून घ्यावी. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांसाठी सवलती आहेत.

झोपेचेही तसेच. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत चालते. पेपरच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा पेरलेले बी उकरून पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा असतो. गेली काही वर्षे बोर्डाची परीक्षा आणि रमजान जवळजवळ येत आहेत. अशा वेळी सेहरीनंतरचा शांत तास अभ्यासाला उत्तम. तरावीहनंतर मोबाइल बाजूला ठेवून लगेच झोपावे, आणि दुपारी जोहरनंतर थोडा कैलूला करावा.

मुलींसाठी दोन शब्द

आमच्या वर्गात मुली मुलांपेक्षा कमी विसरतात असे नाही. पण घरी त्यांना दौर करायला वेळ कमी मिळतो. शाळेतून आल्यावर भाऊ खेळायला जातो आणि बहीण भांड्यांकडे. कापसाच्या दिवसांत तिची हजेरी आधी तुटते. आठ दिवस बुडालेला सबक आणि आठ दिवस न झालेला आमोख्ता, दोन्हीकडून नुकसान. मग चाचणीत गुण कमी येतात आणि आपण म्हणतो, हिला अभ्यासात गोडी नाही.

तिला रोजचा एक तास द्या. मगरिब ते इशा, फक्त एक तास, ज्यात तिला कुणी हाक मारणार नाही. पाणी भावाने भरावे, धाकट्याला अब्बूंनी सांभाळावे. वेचणीला न्यावेच लागले तर वही सोबत द्यावी. ओळ वेचता वेचता शेजारच्या ओळीतल्या बहिणीला धडा सांगता येतो. त्यालाही दौरच म्हणतात.

इल्म वाढावे म्हणून आपण दुआ मागतो. ती मागत राहावी. पण दुआ मागून उंट मोकळा सोडू नये, दावे आपणच बांधायचे असते. तुमच्या घरात आज संध्याकाळी एखादे मूल पुस्तक घेऊन बसेल. एक तासाने त्याच्याजवळ जा. पुस्तक हळूच मिटा, समोर बसा आणि एवढेच म्हणा, "सांग बेटा, आज काय शिकलास?" पहिल्या दिवशी ते चार वाक्यांत थांबेल. थांबू द्या. उद्या पुन्हा विचारा.